सहवासबाधा

२०४१ सालच्या मार्चमध्ये केतकीचं नाव पहिल्यांदा बातम्यांत आलं. त्या वेळी तिची आई, मालनबाई काशीद, मिरजेच्या किल्ला भागातल्या एका घरी न्हाणीत पाय पसरून पाटावर बसल्या होत्या आणि दीड महिन्याचं एक बाळ त्यांच्या पायांवर पालथं पडलं होतं. बाळाच्या आजोबांनी बाहेरून ओरडून सांगितलं, “मालनबाई, तुमची लेक टीव्हीवर!”

मालनबाईंनी मान वर केली नाही. पाठीवर शेवटचा तांब्या ओतला, बाळाला पुसलं, दुपट्यात गुंडाळून त्याच्या आईकडे दिलं आणि मग ओल्या हातांनीच बाहेर येऊन उभ्या राहिल्या. पडद्यावर केतकी बोलत होती.

“काय म्हणतीया?” त्यांनी विचारलं.

“उंदरांवरचं काहीतरी आहे. मोठा शोध लावलाय म्हणे.”

“लावणारच. तिचं कधी चुकत न्हाई.”

हे वाक्य मिरजेतल्या पुष्कळ बायकांना पाठ होतं. केतकी चार वर्षांची असताना तिचे वडील गेले. तेव्हापासून मालनबाई घरोघरी जाऊन बाळं आणि बाळंतिणींना न्हाऊ-माखू घालत आल्या होत्या. गावातली निम्मी पोरं त्यांच्या पायांवर वाढली, असं लोक म्हणायचे. त्या तेल लावता लावता केतकीबद्दल बोलायच्या. शाळेतला नंबर, कॉलेजातलं बक्षीस, परदेशातली डॉक्टरेट, आणि मग मिरजेजवळच्याच माळावर उभ्या राहिलेल्या मोठ्या प्रयोगशाळेतली नोकरी.

केतकीचं काम होतं किरणांनी भाजलेल्या त्वचेवर. असं भाजणं लगेच दिसत नाही. कातडीचा वरचा थर मुळात मेलेल्याच पेशींचा, त्याला किरणांचं काय होणार? घाव बसतो तो तळाच्या थराला, जिथे नव्या पेशी सतत जन्मत असतात. त्यांचा डीएनए तुटतो, जन्म थांबतो. वरचा थर रोजच्यासारखा झिजत राहतो आणि खालून भरपाई येत नाही. म्हणून उंदराची पाठ काही दिवस ठणठणीत दिसते, मग लाल होते, केस झडतात आणि शेवटी ओली जखम उघडी पडते. कॅन्सरवर किरणोपचार घेणाऱ्या माणसांनाही हे सौम्य रूपात सोसावं लागतं. ते कमी कसं करता येईल, हे केतकी शोधत होती.

पांढऱ्या उंदरांच्या पाठीच्या लहानशा भागावर किरण सोडले जात. जखम झाली की वेदना कमी करायला एक मलम लावायचं, असा नियम होता. उंदीर एकटा ठेवला की खंगतो, म्हणून प्रत्येकाबरोबर पिंजऱ्यात एक सोबती असे. त्या सोबत्याला किरण कधीच दिलेले नसत.

आणि या सोबत्यांनाच जखमा होऊ लागल्या. नाकपुड्यांभोवती, ओठांवर, पुढच्या पंजांवर. रक्त तपासलं तर पेशींतली गुणसूत्रं तुटलेली, जणू किरण त्यांनाही लागले होते. काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींबाबत असलं काहीतरी जुन्या संशोधकांनी नोंदवलं होतं. मार खाल्लेली पेशी शेजारणीला रासायनिक इशारे पाठवते आणि शेजारीणही आजारी पडते. हाच इशारा एका शरीरातून दुसऱ्या शरीरात, कातडीतून, घामातून जात असेल तर?

केतकीला पहिली शंका मलमाची आली होती. म्हणून तिने किरण न दिलेल्या, धडधाकट उंदरांच्या पाठीवर तेच मलम लावून पाहिलं. त्यांच्या सोबत्यांना काहीही झालं नाही. मलम निर्दोष सुटलं.

“मधे जाळी घालून एकदा बघते, सर,” ती संचालकांना, डॉ. बिराजदारांना म्हणाली होती. “हवा एकच, पण एकमेकांना शिवायचं नाही.”

“त्यात आणखी सहा महिने जातील. तोवर दुसरं कुणीतरी छापेल. तुझं मलमाचं उत्तर झालंय ना? मग आता थांबायचं कशाला?”

केतकी थांबली नाही, तिने शोधनिबंध छापायला दिला. निबंधात तिने ‘उंदरांमध्ये’ हा शब्द जागोजागी लिहिला होता. बातम्यांत तो उरला नाही. कुणा वार्ताहराने त्याला ‘सहवासबाधा’ असं नाव दिलं आणि ते घराघरांत गेलं.

आजवर डॉक्टर किरणोपचाराच्या रुग्णाला हसून सांगत आले होते की यंत्र बंद झालं की किरण संपले, तुमच्या अंगात काही उरत नाही, घरी जा आणि नातवंडांना खुशाल मांडीवर घ्या. आता ते हसायचे बंद झाले. आणखी दोन देशांत तोच निष्कर्ष निघाला. त्यांनी केतकीची पद्धत जशीच्या तशी वापरली होती, मलमासकट. महिन्याभरात अंतराचे नियम आले. रुग्णाने उपचार चालू असताना आणि संपल्यावर वर्षभर लहान मुलांपासून आणि गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बायकांपासून दूर राहावं. रुग्णाच्या मनगटावर पिवळा पट्टा आला. पट्टेवाल्यांना शेअर रिक्षा घेईना, सोसायट्यांनी त्यांच्यासाठी मागचा जिना ठेवला, नवऱ्यांनी अंथरुणं वेगळी केली. कुणाला उन्हाने पुरळ उठला तरी घरातल्या पट्टेवाल्याकडे बोट जाऊ लागलं.

एकदा प्रयोगशाळेच्या फाटकाशी एक तरुण बाई केतकीची वाट बघत उभी होती. मनगटावर पट्टा.

“मॅडम, माझा मुलगा दोन वर्षांचा आहे. झोपेत असताना नुसता हात फिरवला तर चालेल का?”

केतकीला माहीत होतं तेवढंच ती बोलली. “माणसांबद्दल अजून नक्की कळलेलं नाही. पण धोका नको पत्करायला.”

बाईने मान डोलावली आणि आभार मानले.

पावसाळा संपता संपता केतकीला दिवस गेल्याचं कळलं. तिचा नवरा सुजित सांगलीच्या एका कॉलेजात गणित शिकवायचा. लग्नाला सात वर्षं झाली होती आणि दोघांनी आशा जवळजवळ सोडली होती. मालनबाईंनी बातमी ऐकली आणि दुसऱ्या दिवसापासून नवी कामं घेणं बंद केलं. “आता माझे पाय एकाच बाळासाठी,” त्या म्हणाल्या. जुनी सुती लुगडी फाडून त्यांनी बाळुती शिवली, वेखंड आणून ठेवलं, खोबरेल स्वतः काढलं.

सातव्या महिन्यात एका सकाळी केतकी आईकडे आली, तर मालनबाई दार अर्धवट उघडून आतच उभ्या.

“तिथंच थांब,” त्या म्हणाल्या. “आत येऊ नगंस.”

“का? काय झालं?”

“छातीत गाठ हाय म्हणत्यात. काढायची, मग किरणांची लाईट द्यायची हाय. सुजितरावांना सांगून सगळं ठरवलंय मी. तू दवाखान्यात यायचं न्हाई.”

“आई, अजून उपचार सुरूसुद्धा झालेले नाहीत. आता काही होत नाही.”

“तू शोधलंस ते मी ऐकलंय सगळं. मला शिकवू नगंस.”

केतकी उंबऱ्याबाहेर पायरीवर बसली आणि रडली. मालनबाई आत जमिनीवर बसल्या. मधे पाच हात अंतर होतं आणि ते कुणीही ओलांडलं नाही. कारण केतकीलाही भीती वाटत होती. हे तिला नंतर सर्वांत जास्त आठवत राहिलं.

शस्त्रक्रिया झाली, किरणोपचार झाले. मालनबाईंच्या छातीची, काखेची कातडी लाल झाली, मग काळवंडून सोलपटली. ती कशी असेल हे केतकीला न बघताच कळत होतं. असल्या कातडीचे हजारो फोटो तिने काढले होते. सुजित डबा नेऊन देई आणि घरी आल्यावर अंघोळ करूनच केतकीजवळ येई.

मुलगी झाली. तिचं नाव जुई ठेवलं. न्हाऊ घालायला शेजारच्या गल्लीतली शांताबाई यायला लागली. पहिल्याच दिवशी केतकीने न्हाणीच्या खिडकीतून पाहिलं तर मागच्या अंगणात, कुंपणापाशी, डोक्यावरून पदर घेतलेल्या मालनबाई उभ्या होत्या. अंगाने निम्म्या झालेल्या.

“शांते,” त्या तिथून म्हणाल्या, “मान धर तिची. पाणी जरा जवळनं सोड, अंगावर आदळाय नगं. पोटरीला खालनं वर तेल लाव. आसं न्हवं!” आणि त्यांचे दोन्ही हात हवेत फिरले. तळवे पसरलेले, अंगठे दाबलेले, रिकाम्या जागेत एक बाळ धरल्यासारखे.

शांताबाई चिडली नाही. सांगितलं तसं करत गेली. जुई रडायची थांबली. मालनबाई रोज येत राहिल्या, त्याच कुंपणापाशी. आत या, असं केतकी म्हणाली नाही. लांबून का होईना, आई येते, यातच ती समाधान मानत होती.

जुई सहा महिन्यांची झाल्यावर केतकी कामावर रुजू झाली. तिच्या गैरहजेरीत प्राण्यांच्या डॉक्टर नसीमा मुजावर पिंजरे सांभाळत होत्या. वयाने मोठ्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी केतकीला एका स्क्रीनसमोर बसवलं आणि दार लावून घेतलं.

“आधी बघ. मग बोलू.”

उंदीर अंधारात जागे असतात, म्हणून पिंजऱ्यांच्या खोलीत दिवसा फक्त मंद लाल दिवा असायचा. त्या लाल उजेडातलं चित्रण होतं. भाजलेला उंदीर कोपऱ्यात अंग चोरून बसला होता. सोबती त्याच्याजवळ आला, पंजे त्याच्या पाठीवर ठेवले आणि जखम चाटू लागला. कितीतरी वेळ चाटत राहिला. मग थोडं फिरून पुन्हा आला.

“मलम चाटतोय,” केतकी हळूच म्हणाली.

“हो. त्या मलमात टिकाऊपणासाठी घातलेलं रसायन आहे. कातडीवर काही करत नाही. पण तोंडात, पोटात गेलं की त्यातून जे तयार होतं ते डीएनए तोडतं. मी तपासून घेतलंय.”

“पण मी धडधाकट उंदरांना मलम लावून बघितलं होतं. त्यांचे सोबती...”

“त्यांचंही चित्रण बघ.” नसीमांनी दुसरी फीत लावली. दोन उंदीर, दोघेही सुखात. एकाच्या पाठीवर मलम चकाकत होतं. दुसरा त्याच्याकडे ढुंकूनही बघत नव्हता. “त्याला दुखत नव्हतं ना. उगाच कोण कशाला चाटेल?”

केतकीने फीत मागे नेऊन पुन्हा पाहिली.

“मी मधे जाळी घातली,” नसीमा म्हणाल्या. “एकही सोबती आजारी पडला नाही. मग जाळी काढली आणि मलमही लावलं नाही. त्यांनी चाटलं, खूप चाटलं, आणि कुणालाच काही झालं नाही. बाधाबिधा काही नाही, केतकी. ते एकमेकांची सेवा करत होते आणि आपण त्यांना विष पाजलं.”

डॉ. बिराजदारांनी सगळं पाहिलं आणि चष्मा काढून डोळे चोळले. “निबंध मागे घ्यावा लागेल. पण रीतसर. तोवर बाहेर बोलायचं नाही.”

“माझी आई एकटी राहतेय, सर,” केतकी म्हणाली आणि उठली.

ती घरी गेली, जुईला कडेवर घेतलं आणि थेट आईच्या दारात जाऊन उभी राहिली. मालनबाईंनी फटीतून पाहिलं आणि आतून कडी घातली.

“आई, दार उघड. माझं चुकलं होतं. काही बाधा होत नाही. ते मलम होतं, मलम! तू जुईला घेऊ शकतेस. आत्ता घे.”

आतली कडी एकदा हलली, पण निघाली नाही. मग मालनबाई म्हणाल्या, “माझं दुखणं वाढलंय, ते तुला कळलं व्हय? डॉक्टरांनी सांगितलं?”

“काय वाढलंय?”

“फुप्फुसात उतरलंय. तुला ठाव हाय. म्हणून आलीस आसं बोलाय.”

केतकीला खरोखरच माहीत नव्हतं. सुजितला माहीत होतं आणि त्याने सांगितलं नव्हतं, कारण मालनबाईंनी त्याला तशी शपथ घातली होती. केतकी दाराला टेकली. कडेवरची जुई दाराच्या लाकडावर थपाथपा हात मारू लागली.

“आई, मी शपथेवर सांगते.”

“आईसाठी खोटी शपथ कोण घेत न्हाई? घरला जा, लेकी. तिला वारं लागंल.”

पुढचे महिने केतकी एकच काम करत होती. तिने निबंध मागे घेतला. वाहिन्यांवर जाऊन स्वतःच्या तोंडाने चूक सांगितली. पूर्वी तिचं कौतुक करणाऱ्यांनी आता तिला औषध कंपन्यांनी विकत घेतलं म्हणून शिव्या दिल्या. नियम लागू व्हायला महिना लागला होता. ते काढून टाकायला मात्र समिती बसली, मग तिची उपसमिती. आधी भ्यायला सांगितलेल्या माणसाला आता भिऊ नकोस म्हणून सांगितलं तर तो दोन्ही वेळा सांगणाऱ्याकडे संशयाने बघतो. फाटकाशी भेटलेली ती तरुण बाई तिला बाजारात दिसली. केतकी धावत तिच्याकडे गेली. आता हात फिरवा, मुलाला घ्या, मी चुकले होते, असं म्हणाली. बाई म्हणाली, “तो आता माझ्याकडे येतच नाही, मॅडम. आजीलाच आई म्हणतो.”

बातम्यांतला माफीनामा केतकीने सुजितकरवी आईला दाखवला. मालनबाईंनी तो ऐकून घेतला.

“लई गुणाची पोरगी,” त्या म्हणाल्या. “माझ्यापायी स्वतःची अब्रू घालवली.”

“आई, खरंच चुकलं होतं तिचं,” सुजित म्हणाला.

“तुम्ही तिला आता ओळखता, सुजितराव. मी लहानपणापासनं ओळखते.”

शेवटी दवाखान्यात न्यावं लागलं. छातीत पाणी भरलं होतं. परिचारिका अजूनही दोन-दोन हातमोजे घालून येत, कारण नवा आदेश आलेला नव्हता. केतकी मात्र उघड्या हातांनी आईला पुसायची, केस विंचरायची. पहिल्यांदा तिने स्पर्श केला तेव्हा मालनबाईंनी हात हिसकावून घेतला होता. “पाजतीस न्हवं तू?” मग केतकीने सांगितलं, आता पाजत नाही, जुई दाताची झालीय. तेव्हा कुठे त्यांनी तिला जवळ येऊ दिलं. जुईला मात्र खोलीत आणायचं नाही, एवढं एक वचन त्यांनी घेतलं.

एका दुपारी श्वास फार लागला. डॉक्टर म्हणाले, आता कुणाला भेटवायचं असेल तर भेटवून घ्या. केतकीने सुजितला फोन केला. तो जुईला घेऊन आला आणि दाराबाहेर बाकावर बसला. दार नुसतं लोटलेलं होतं. फटीतून जुईचा आवाज येत होता. ती नुकतीच शिकलेली चार-दोन अक्षरं मोठ्याने म्हणत होती.

मालनबाईंनी डोळे उघडले. “आलीया व्हय ती?”

“हो. बाहेर आहे. आणू?”

त्या दाराकडे बघत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर केतकीला जे दिसलं ते आजवर कधी दिसलं नव्हतं. ती शंका होती.

“केतके,” त्या म्हणाल्या. एकेका शब्दाला दम लागत होता. “एकदाच विचारते. खरं सांग. तुझं चुकलं हुतं का?”

केतकीने तोंड उघडलं. हेच तर ती इतके महिने ओरडून सांगत होती.

“चुकलं आसंल तर...” मालनबाईंनी तिचं मनगट घट्ट धरलं. डोळ्यांत भीती होती, मरणाची नाही, दुसरीच. “तर मी उगाच... एवढे दीस... त्या कुंपणापाशी... एकदाबी घेतली न्हाई मी तिला. आन् आता हातबी उचलत न्हाईत माझे. उगाचच केलं का गं मी ते?”

बाहेर जुई हसली. सुजित तिला काहीतरी दाखवत असावा.

दार उघडायला चार पावलं पुरली असती. जुईला आत आणून त्या छातीवर ठेवता आलं असतं. काही मिनिटं. आणि त्या काही मिनिटांत आईला वाया गेलेला एकेक दिवस मोजावा लागला असता.

“नाही आई,” केतकी म्हणाली. “माझं बरोबर होतं. तू ऐकावंस म्हणून मी खोटं बोलत होते. तू लांब राहिलीस म्हणून जुई चांगली आहे.”

“खरं?”

“खरं. तूच वाचवलंस तिला.”

मनगटावरची पकड सैल झाली. मालनबाईंचा चेहरा हळूहळू निवळला, तिथे जुना अभिमानही दिसला.

“मला ठाव हुतं,” त्या पुटपुटल्या. मग दाराकडे पाहून म्हणाल्या, “ते दार लाव नीट. पोरगी आत यील.”

केतकी उठली. फटीतून तिला सुजितच्या मांडीवर उभी राहिलेली जुई दिसली. जुईलाही ती दिसली आणि तिने दोन्ही हात पुढे केले. केतकीने दार लावलं, आतून कडी घातली आणि आईजवळ येऊन बसली.